वजनकाट्यावरचा संगणक

झाकण काढलं तेव्हा आधी धूळ बाहेर आली. लाल.
पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या खाचेत, तारांच्या सालीवर.
म्हणजे थोडा माल अजून आत होता,
पावती फाडायची राहून गेलेला.

हा पिळगावच्या काट्यावरचा.
नऊ वर्षं मी याच्यासमोर बसलो:
भरलेली गाडी, रिकामी गाडी,
दोन वजनांतला फरक म्हणजे माल.
खाण बंद पडल्यावर कंपनीने खुर्च्या, कपाटं ढिगाने विकली,
तेव्हा आठशे रुपयांना मी हा उचलला.
कशाला, असं प्रफुल्लाने विचारलं होतं.
उत्तर सहा वर्षं माळ्यावर पडून राहिलं.

आता घरातले चार फोन रोज कुरकुरतात, जागा संपली.
तन्वेश, माझा भाचा, पर्वरीहून म्हणाला,
मामा, जुन्या यंत्राचा घरचा सर्व्हर होतो,
नवी डिस्क घाला, पेनड्राइव्हवरून चढवा,
अर्ध्या तासाचं काम.

आज तिसरा शनिवार.

पहिल्या शनिवारी त्याने नुसत्या शिट्ट्या मारल्या,
एक लांब, थांबून पुन्हा एक लांब.
रॅम काढली, खोडरबराने
तिचे सोनेरी दात घासले, परत बसवली.
दुसऱ्या शनिवारी पेनड्राइव्ह ओळखेना.
पुढच्या दोन्ही खाचा गंजलेल्या; मागून घातला, ओळखला.
मग डिस्क दिसेना. केबल बदलली. दिसली.
मग वीज गेली.
डिचोलीत वीज जाते, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

आज मात्र निळा पडदा, पांढरी पट्टी, चौदा टक्के.
आणि तिथेच, तीनदा, एकच निरोप:
प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.
अजून?
मुदत संपलेले परवाने मी टोपलीभर पाहिले,
मुदत सुरूच न झालेला हा पहिला.

तारीख बघा, मामा.

एक जानेवारी दोन हजार नऊ.
पोटातला बटणाएवढा सेल मेलाय,
म्हणून वीज गेली की दरवेळी हा तिथेच जागा होतो.
याच्या लेखी फाट्यापर्यंत ट्रकांची रांग आहे,
सारमानसच्या धक्क्यावर बार्जी आ वासून उभ्या,
रुझार खिडकीवर थाप मारतोय,
'बाब, बेगीन रे, बेगीन!'
आणि मी वजनाचं सोडून
याला भलतंच काहीतरी विचारत बसलोय.

सेल उल्हास घड्याळजीकडे मिळाला, चाळीस रुपये.
तारीख हातानेच लावावी लागते.
अधिकचं बटण, दर दाबाला एक वर्ष.
दहा. अकरा.
बारा, इथे गाड्या थांबल्या.
तेरा, चौदा, रोज हजेरी लावली,
रोज लिहिलं, काटा शून्यावर आहे.
पंधराला थोड्या धावल्या. अठराला परत बंद.
एकोणीस. रुझारने ट्रक विकला त्या वर्षावर
बोट जरा रेंगाळलं.
घाई कर म्हणायला कोणी नव्हतं.
पुढची भरभर दाबली.

पट्टी हलली. पंधरा. सोळा.
प्रफुल्ला दारातून बघून गेली, म्हणाली, भात निवतोय.

दहाच्या सुमारास तीन फोन जोडले गेले. चौथा उद्या बघू.
पहिला फोटो चढला तो तिच्या तवशाच्या वेलाचा,
हललेला, अर्ध्यात अंगठा.
मग त्याने जुनी डिस्कही मागितली.
सोबत घेऊ? हिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. नक्की?

मी वीज बंद केली. चार स्क्रू. ती बाहेर काढली
आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली.
पाचशे चाळीस ग्रॅम.
भरलेली की रिकामी, ते कळायला दुसरं वजन लागतं.
ते आज केलं नाही.